मावशीची विळी प्रयोगशाळेत येऊ द्या

अकरावीतला श्रावण होता. आदल्या रात्री वर्गातल्या दोन मुलांना सरांनी बॅटरी देऊन शेतात पाठवलं होतं. भाताच्या मेरेवर बसलेल्या बेडकाच्या डोळ्यांवर उजेड टाकला की तो जागचा हलत नाही, हे कोकणातल्या पोराला शिकवावं लागत नाही. सकाळी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक गोणपाट होतं आणि ते हलत होतं. मग एकेक बेडूक काचेच्या बरणीत, सोबत क्लोरोफॉर्ममध्ये भिजवलेला कापसाचा बोळा, वरून झाकण. थोड्या वेळानं तो बाहेर काढून मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, चारही पाय ताणून टाचण्या टोचायच्या आणि कात्री घ्यायची.

माझ्या बेडकाची छाती उघडली तेव्हा काळीज उडत होतं. ते तसं उडतंच. मेंदूचा हुकूम नसला तरी बेडकाचं काळीज बराच वेळ चालत राहतं, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी काळजाबरोबर त्याचा मागचा उजवा पायही आखडला आणि टाचणी मेणातून अर्धी वर आली. मी सरांना हाक मारली. सर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "क्लोरोफॉर्म कमी पडलं. चालू ठेव, वेळ नाही." मी टाचणी पुन्हा दाबली आणि चालू ठेवलं. जर्नलमधल्या आकृतीला मला दहापैकी नऊ गुण मिळाले.

ही गोष्ट मी चाळीसहून जास्त वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतोय ती सरांना दोष द्यायला नव्हे. ते मनापासून शिकवणारे होते आणि अभ्यासक्रमात होतं ते करवून घेत होते. पुढे मी स्वतः जीवशास्त्र शिकवायला लागलो आणि कितीतरी वर्षं मीही मुलांच्या हातात तीच कात्री दिली. नव्वदीच्या सुरुवातीला एका माळकरी घरातल्या मुलीनं "सर, मी हे नाही करणार" असं हळूच सांगितलं होतं. मी तिच्यावर रागावलो नाही, पण प्रात्यक्षिकाचे गुण कापले. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून या विषयावर मी लिहितो तेव्हा ते बाहेरून पाहणाऱ्याचं मत नाही.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी की वर्गात शिकवण्यासाठी जिवंत प्राणी मारणं चूक होतं, ते थांबलं हे योग्य झालं आणि कोणत्याही सबबीखाली ते परत येऊ नये. दुसरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ते थांबवताना आपण मुलांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि त्या हातांत दुसरं काहीच दिलं नाही. निदान कोकणात तरी असं व्हायला नको होतं, कारण इथे प्राण्याचं शरीर आतून कसं असतं ते रोज सकाळी प्रत्येक बाजारात, प्रत्येक घराच्या मागच्या पडवीत उघडून ठेवलेलं असतं.

बेडकाच्या त्या प्रात्यक्षिकातून मी काय शिकलो? त्याच्या काळजाला तीन कप्पे असतात, वरचे दोन आणि खालचा एक. हे पुस्तकात होतं, भिंतीवरच्या तक्त्यावर होतं. ट्रेमध्ये मला ते तीन कप्पे नीट दिसलेही नव्हते. रक्त, टाचण्या आणि थरथरणारा माझा हात एवढंच दिसलं. आकृती मी तक्त्यावरून काढली. आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी तसंच केलं, आणि पुढे मी ज्यांच्या जर्नलवर सह्या केल्या त्यांनीही. ज्या गोष्टीसाठी जीव घेतला ती गोष्ट शेवटी तक्त्यावरूनच उतरवली जात होती. खरं शिकणं झालं ते एवढंच, की समोरचा जीव हलला तरी मोठ्या माणसानं "चालू ठेव" म्हटलं की चालू ठेवायचं. सोळा वर्षांच्या मुलाला शाळेनं हे शिकवावं का?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: डॉक्टर व्हायचं तर हात चालला पाहिजे. आमच्या वर्गातले किती डॉक्टर झाले? एक. उरलेले बँकेत गेले, मुंबईला गेले, एसटीत लागले, बागायती करतात. आणि जो डॉक्टर झाला त्याला वैद्यकीय महाविद्यालयात माणसाच्या देहावर शिकायला मिळालं. त्यासाठी आपल्याकडे १९४९ पासून शरीररचनाशास्त्राचा कायदा आहे, देहदानाची परंपरा आहे. तिथे टेबलावर असलेल्या कित्येक माणसांनी जिवंतपणी सही करून आपलं शरीर दिलेलं असतं. गोणपाटातल्या बेडकाला कुणी विचारलं होतं?

आपला कायदाही याबाबत पुष्कळ आधीपासून स्पष्ट होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं सतरावं कलम सांगतं की पुस्तकं, मॉडेलं, फिल्म यांनी तेवढंच काम होत असेल तर महाविद्यालयांसारख्या ठिकाणी प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, आणि केवळ हाताला सवय व्हावी म्हणून शक्यतो असे प्रयोग करू नयेत. मी कात्री धरली तेव्हा हा कायदा वीस वर्षांचा होत आला होता. आम्हाला तो कुणी वाचून दाखवला नाही, आणि शिक्षक झाल्यावर मीही तो शोधून वाचला नाही. केंद्रीय मंडळानं, म्हणजे सीबीएसईनं, २००१ मध्ये आपल्या शाळांतून प्राणी कापणं बंद केलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये टप्प्याटप्प्यानं कमी करण्याची आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांतूनही बंद करण्याची सूचना काढली. कोकणातल्या महाविद्यालयांत ज्या मोरीच्या, म्हणजे शार्कच्या जातीतल्या माशाच्या, डोक्यातल्या नसा मोकळ्या करता करता प्राणिशास्त्राच्या पिढ्या घडल्या, ती मोरीही ट्रेमधून गेली.

बेडकाचं आणखी एक आहे. एकेकाळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी जात होत्या. शेतातले किडे खाणारा हा प्राणी इतका उपसला गेला की १९८७ मध्ये सरकारला निर्यात बंद करावी लागली. त्याच काळात शाळा-महाविद्यालयांतून दर पावसाळ्यात गोणपाटं भरत होती. आज सिंधुदुर्गात पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले, गळ्याशी निळे फुगे फुगवून डरकणारे मोठे बेडूक पाहायला मिळतात तेव्हा मला बरं वाटतं. गोव्याच्या बाजूनं अजून चोरून पकडले जातात, तो वेगळा लढा आहे.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

बंदी आल्यावर बऱ्याच शाळांत काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. मेणाचे ट्रे माळ्यावर गेले. तक्ता राहिला. फॉर्मॅलिनच्या बरण्या राहिल्या, त्यांत तीस वर्षांपूर्वीचे पांढरेफटक पडलेले नमुने. बरणीचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात. हे रसायन माणसाला कर्करोग करू शकतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच ठरवलं आहे. २०१८ च्या पावसाळ्यात मासळीत फॉर्मॅलिन असल्याची बातमी गोव्यात आली तेव्हा आमच्या बाजारातही लोक आठवडाभर मासे घ्यायला बिचकत होते. पण त्याच रसायनाच्या बरण्या मुलांच्या डोक्यावरच्या फळीवर होत्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मग कुठेकुठे संगणक आले. पडद्यावर बेडूक कापता येतो, परत जोडता येतो, काळजाचे कप्पे रंगीत दिसतात. मी याच्या विरुद्ध नाही. बेडकाच्या बाबतीत ते कात्रीपेक्षा शंभरपट चांगलं आहे. पण २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड-दापोलीकडच्या कितीतरी शाळांचे पत्रे उडाले. ज्या शाळेचं छप्पर वादळात गेलं तिला संगणकाचा धडा किती पुरणार? आणि छप्पर शाबूत असलं, वीज असली, तरी पडद्याला वास नसतो, ओल नसते, वजन नसतं. बोटाला काही लागत नाही.

अशा वर्गात बसलेली मुलगी घरी जाते आणि आईला मासे साफ करायला मदत करते. तिला न सांगता माहीत असतं की बांगड्याचा कल्ला उचलून पाहायचा, लालभडक असेल तर ताजा, तपकिरी असेल तर कालचा. कोलंबीच्या पाठीतून काळा दोरा काढायचा. कुर्ली, म्हणजे खेकडा, उलटी करून पोटावरची पट्टी पाहायची: रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. म्हाकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, अंगातून पारदर्शक काडी सरकन ओढायची आणि शाईची पिशवी फुटू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी हीच मुलगी वर्गात "माशाच्या श्वसनसंस्थेचे वर्णन करा" या प्रश्नापुढे गप्प बसते आणि आम्ही शिक्षक तिला कच्ची म्हणतो.

ती कच्ची नाही. गाबित, खारवी, कोळी, दालदी अशा मासेमार घरांतल्या मुलांना जे येतं ते आम्ही शाळेच्या दारात चपलांसारखं बाहेर काढून ठेवायला लावतो. अकरावीला विज्ञान घेतलं की शिकवणंही इंग्रजीतून होतं, मग तर घरचा एकही शब्द आत येत नाही. मुलाला कल्ला माहीत असतो, पण ज्या लाल पिसांसारख्या पडद्यांना तो रोज हात लावतो त्याच पुस्तकातल्या 'गिल्स', हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बेडूक त्याच्यापुढे ठेवला तेव्हाही हेच होत होतं. प्रयोगशाळेत आम्ही बेडूक आणला कारण पुस्तक तसं सांगत होतं, आणि समोरच्या बंदरात रोज सकाळी उतरणारी मासळी आम्हाला विज्ञान वाटलीच नाही.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी हे करून पाहिलं. बाजारात मासे विकणारी एक बाई माझ्या ओळखीची होती, सगळे तिला मावशी म्हणत. मी तिला म्हटलं, मावशी, एक दिवस शाळेत येशील का, विळी घेऊन? तिला आधी वाटलं शाळेत जेवण आहे. समजावल्यावर ती म्हणाली, "माका काय येता? मी फक्त मासे कापतंय." ती आली. वाराला आम्ही सोमवार टाळला, संकष्टी टाळली. घरोघरीचे वार सांभाळूनच कोकणात मासळीला हात लावायचा असतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांना हात लावायचा नव्हता त्यांनी मागे उभं राहून पाहायचं, ज्यांना पाहायचंही नव्हतं त्यांनी तेवढा वेळ झाडांची पानं घेऊन बसायचं, आणि दोघांनाही सारखेच गुण, हे मी आधीच फळ्यावर लिहून टाकलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९८७ साली एका शाळकरी मुलीनं बेडूक कापायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि पुढच्याच वर्षी तिथे मुलांना नकाराचा हक्क देणारा कायदा झाला. मला तो कायदा कळला तोवर माझ्या वर्गातली ती माळकरी मुलगी संसाराला लागली होती.

मावशीनं जमिनीवर बसून विळी पायाखाली धरली आणि एक बांगडा हातात घेतला. पहिल्या रांगेतल्या मुलानं विचारलं, "माशाचं काळीज कुठे असतं?" मावशी म्हणाली, "काळीज बघूचां हा तुका? मगे हात भिजव आधी." तिनं कल्ल्याखाली बोट घातलं, हलका झटका दिला आणि कल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक गडद लाल दाणा बाहेर आला, डाळिंबाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो तिनं मुलाच्या ओल्या तळव्यावर ठेवला. भिंगातून पाहिलं तर एक बाजू पातळ आणि काळसर, दुसरी जाड आणि टोकदार. दोनच कप्पे. काळीज कल्ल्यांना इतकं चिकटून का, असं एका मुलीनं विचारलं. मी तीस वर्षं हा धडा शिकवला होता आणि माझ्या वर्गात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. माशाच्या काळजातून रक्त आधी कल्ल्यांतच जातं, तिथे पाण्यातला प्राणवायू घेतं आणि तिथूनच थेट अंगभर जातं. परत काळजात येऊन दुसऱ्यांदा ढकललं जात नाही. तिला हे चार वाक्यांत समजलं, कारण दोन्ही गोष्टी तिच्या तळव्यावर एकमेकींना लागून होत्या.

मग बांगड्याच्या कल्ल्यांच्या आतल्या बाजूचे लांब केस दिसले, फणीसारखे. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातले बारीक जीव त्या फणीत अडकतात. ते पाहून मुलांनी सुरमईचं तोंड मागितलं. सुरमईचे दात पाहिल्यावर कोण गाळून खातो आणि कोण फाडून खातो हे मला सांगावंच लागलं नाही. ढोमा नावाच्या माशाचं डोकं फोडून मावशीनं दोन पांढरे खडे काढले. हे तिच्या घरी लहान मुलं खेळायला घेतात. ते कानातले खडे असतात, माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला लागतात, आणि मत्स्यशास्त्राचे लोक त्यांच्यावरचे थर मोजून माशाचं वय काढतात हे मी सांगितलं तेव्हा मावशीनं काम थांबवलं. "खड्यात वय असता?" तिनं एक खडा पुसून कमरेला खोचला. त्या क्षणी वर्गात शिकणारे नुसते विद्यार्थी नव्हते.

कोलंबीचा काळा दोरा म्हणजे तिचं आतडं, आणि तिचं काळीज डोक्याच्या कवचाखाली. म्हाकुलाला एक नाही, तीन काळजं, आणि रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून ते लाल दिसत नाही. यातलं निम्मं मुलांना येत होतं, निम्मं मला. या सगळ्याला खर्च किती झाला? दोन किलो बांगडे, एक सुरमईचं डोकं जे मावशीनं असंच दिलं, चार ढोमे, पाव किलो कोलंबी. फॉर्मॅलिन नाही, क्लोरोफॉर्म नाही, म्हणून नंतर ते सगळं धुऊन शिपाईदादांच्या आणि मावशीच्या घरी गेलं आणि संध्याकाळी त्याचं कालवण झालं. हा माझा नियमच होता: वर्गात उघडलेला मासा फुकट जाता कामा नये.

इथे मला सर्वांत अवघड आक्षेपाला सामोरं जायचं आहे, आणि तो टाळून पुढे गेलो तर मी प्रामाणिक राहणार नाही. बेडकाचा जीव मोठा आणि बांगड्याचा छोटा का? मासा काय मेल्याशिवाय वर्गात आला? हा प्रश्न मला एका सहकारी शिक्षिकेनंच विचारला होता आणि ती स्वतः मासे खात नाही. मी बांगड्याचा जीव छोटा म्हणत नाही. जाळ्यात गुदमरून मरणं सुखाचं नसतं, हे समुद्रावर जाणारी माणसंही सांगतात. माझं म्हणणं एवढंच की शाळेनं कुठल्याही मरणाचं कारण होऊ नये. गोणपाटातले बेडूक आमच्यासाठी पकडले होते. आम्ही मागितले नसते तर ते त्या रात्री मेरेवर डरकत राहिले असते. बाजारातले दोन किलो बांगडे आम्ही घेतले नसते तर कुणाच्या तरी ताटात गेले असते, आणि शेवटी गेलेच. खाण्यासाठी मारणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे, शाळेनं त्यावर निकाल देऊ नये. पण घरोघरी जे खाल्लं जातं ते एकदा डोळे उघडून पाहावं, हे शाळेचं काम आहे.

याच कसोटीनं काही गोष्टी आम्ही वर्जही केल्या. कुर्ल्या बाजारात जिवंतच येतात, नांग्या बांधून. म्हणून वर्गात कुर्ली उघडायची नाही. उलटी करून नर-मादी पाहायची, डोळ्यांचे देठ पाहायचे आणि मावशीच्या पाटीत परत. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतले जीव, त्याही जिवंतच असतात, त्यांच्या रिकाम्या शिंपल्या पुरतात. हातभर वाढणाऱ्या माशाची वीतभर पिल्लं विकत घ्यायची नाहीत, कुणी फुकट दिली तरी नाहीत. झुरळ अकरावीच्या पुस्तकात अजून आहे. त्यासाठी मेलेलं झुरळ कुठल्याही जुन्या घरात मिळतं, त्याचे जबडे आणि पंख भिंगाखाली पाहायला जिवंत झुरळ बरणीत कोंडायची गरज नाही. आणि बेडूक? बेडूक जिवंतच शिकवायचा. पहिल्या पावसानंतर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, डबक्यात बेडूकमासे वळवळायला लागतात. दहा-बारा काचेच्या बरणीत त्याच डबक्याच्या पाण्यात आणून ठेवायचे, मागचे पाय फुटताना, मग पुढचे, मग शेपूट आक्रसताना पाहायचं, आणि त्याच डबक्यात नेऊन सोडायचे. कल्ल्यानं श्वास घेणारा जीव फुफ्फुसानं श्वास घ्यायला लागतो, हे काही आठवड्यांत मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. कोणत्या ट्रेमध्ये हे दिसलं असतं? आंबोलीच्या कातळावर राहणारा, जगात दुसरीकडे कुठे न सापडणारा एक छोटा भेक शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदवला. आपल्या घाटात असं अजून कितीतरी असेल. तो शोध लावणारे लोक पावसात, रात्री, गुडघाभर चिखलात बसून आवाज ऐकतात. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेल्या मुलांना कासव कापून दाखवावं लागलं नाही, आणि त्या गावानं कासवाबद्दल जे शिकवलं ते कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी स्पष्ट शब्दांत लिहावं की प्रात्यक्षिकात कापण्यासाठी कोणताही प्राणी पकडायचा किंवा मारायचा नाही, आणि तेवढ्याच स्पष्ट शब्दांत लिहावं की खाण्यासाठी बाजारात आलेली मासळी उघडून पाहायला शाळेला मोकळीक आहे, नकार देणाऱ्या मुलाचे गुण कापले जाणार नाहीत, आणि हे शिकवायला येणाऱ्या बाईला इतर पाहुण्या शिक्षकांसारखं मानधन मिळेल. आज यातलं काहीच स्पष्ट नाही म्हणून मुख्याध्यापक घाबरतात. माझ्या मुख्याध्यापकांनीही आधी घाबरूनच होकार दिला होता. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे; किनाऱ्यावरच्या शाळांसाठी एक छोटी पुस्तिका करणं त्यांना अवघड नाही. तिच्यात एका बाजूला शास्त्राचा शब्द असावा आणि दुसऱ्या बाजूला वाडीतला. कल्ला, गाबोळी (माशाची अंडी), बोत (हवेची पिशवी), दोरा, खडा.

मावशी आमच्याकडे तिसऱ्यांदा आली तेव्हा पाटीत एक मोरी होती. मोरीला हवेची पिशवी नसते, तिचं तेलकट मोठं यकृत तिला तरंगायला मदत करतं, हे दाखवायचा माझा बेत होता. मावशीनं पोटावर विळी फिरवली आणि थांबली. आत पिल्लं होती, बोटाएवढी, आठ. प्रत्येकाच्या पोटाला एक बारीक नाळ. वर्ग एकदम गप्प झाला. मोरी अंडी घालत नाही, माणसासारखं पोटात वाढवून पिल्लं देते, हे मी वाचलं होतं, शिकवलंही होतं. असं पाहिलं नव्हतं. मागे उभ्या राहिलेल्या, हात न लावणाऱ्या मुली पुढे आल्या. एकीनं विचारलं, "सर, हिला सोडून देता आलं असतं का?" मावशीच बोलली: जाळं वर येईपर्यंत बहुतेक सगळं मेलेलं असतं, आणि पोटात काय आहे ते वरून कळत नाही. मग मुलं आपापसांत बोलायला लागली, की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती नक्की कशासाठी, आणि मोरी त्याच दोन महिन्यांत पिल्लं देते का. याचं उत्तर आम्ही तासभर शोधलं. मोरी वर्षभर कधीही पिल्लं देते, तिला त्या दोन महिन्यांचा आडोसा पुरत नाही, हे समजल्यावर कुणालाच बरं वाटलं नाही.

एका मुलानं हे घरी सांगितलं. त्याचे वडील ट्रॉलरवर जातात. ते चार दिवसांनी शाळेच्या फाटकाशी आले. एरवी ते दाखल्याच्या वेळी आणि निकालाच्या दिवशी यायचे. म्हणाले, "सर, मोरीबद्दल माका काय सांगूचां हा." पुढच्या आठवड्यात मी त्यांना वर्गासमोर उभं केलं. ते लहान असताना वडिलांबरोबर जायचे तेव्हा मोरी केवढी मिळायची ते त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. मग हात जवळ आणले आणि आता मिळते तेवढी दाखवली. पहिल्या बाकावरच्या दोघी उठल्या आणि त्यांना म्हणाल्या, काका, हात तसेच ठेवा. त्यांनी फूटपट्टी लावून दोन्ही अंतरं मोजली आणि जर्नलमध्ये लिहून घेतली.